माळ्यावरची गॅसबत्ती : तिची दुरुस्ती व परीक्षा

कोकणातील जुन्या घराचा माळा झाडावयास घेतला, तर मोडकी इरली, रिकाम्या कणग्या व गंजलेले डबे यांच्या मागे एखादी गॅसबत्ती हटकून सापडते. एके काळी हिच्यावाचून लग्नाची वरात निघत नसे, शिमग्याची पालखी रात्री घरोघर फिरत नसे व दशावताराचा खेळ उभा राहत नसे. भाताची झोडणी लांबली म्हणजे खळ्यावरही हीच टांगीत. पुढे गावोगाव विजेचे खांब आले व बत्ती माळ्यावर गेली. तिची निगा राखण्याची विद्याही त्याबरोबर मागे पडली. ही विद्या अगदीच निरुपयोगी झालेली नाही, आणि अर्धवट आठवल्यास ती घातक ठरते, हे आम्हांस ज्या प्रसंगाने कळले तो प्रथम सांगतो.

दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. सुपारीच्या व नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले व कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. आमचे घर त्यांपैकीच एका गावी आहे. चौथ्या रात्री विजेऱ्यांचे सेल संपले, मोबाईल केव्हाच बंद पडले होते, गोठ्याचे निम्मे छप्पर उडालेले, आणि गाय व्यायला टेकलेली. तेव्हा आजोबांच्या गॅसबत्तीची आठवण होऊन ती खाली उतरविण्यात आली. रॉकेलाचा शोध सुरू होताच आमचा पुतण्या म्हणाला, "काका, रेशनवरचे रॉकेल बंद होऊन किती दिवस झाले! गाडीतले पेट्रोल काढून आणतो." ऐंशी वर्षांची आमची आत्या उंबऱ्यावर बसली होती. ती तेथूनच ओरडली, "पेट्रोल घातलेस तर बत्ती नाही, घर पेटेल!"

सुदैवाने माजघराच्या कोनाड्यात बाटलीभर जुने रॉकेल निघाले. ते ओतून, वाटीत कसेबसे थोडे स्पिरिट जाळून, आम्ही घाईघाईने पंप मारला. क्षणार्धात बत्तीच्या टोपीतून हातभर पिवळी ज्वाला उठली व पडवीच्या वाशांकडे जाऊ लागली. "हवा सोड, आधी हवा सोड!" असे आत्या म्हणाली तेव्हा आम्हांस टाकीवरील स्क्रूची आठवण झाली. तो सैल करताच दाब गेला व ज्वाला बसली. गाय अखेर समईच्या उजेडात व्याली. वासरू सुखरूप होते. परंतु त्या रात्री घर जळाले नाही यात आमची हुशारी काडीमात्र नव्हती. पुढे हिवाळ्यात कामे आटोपल्यावर आम्ही ती बत्ती भाग न् भाग उकलून पाहिली. त्यात जे शिकावयास मिळाले ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

बत्ती कोणत्या तेलाची?

पहिला प्रश्न हाच विचारावा. आपल्याकडील बहुतेक सर्व बत्त्या रॉकेलाच्या आहेत. बर्लिनच्या एरिख उंड ग्रेट्झ या कारखान्याची पेट्रोमॅक्स बत्ती इतकी पसरली की तिचे नाव त्या जातीच्या सर्वच बत्त्यांना पडले. आणि पुढे आपल्या देशात ज्या बत्त्या झाल्या त्यांपैकी बहुतेक तिच्याच बेतावर घडविलेल्या होत. नावात 'पेट्रो' आहे म्हणून तीत पेट्रोल घालावयाचे असे पुष्कळांस वाटते, तो निव्वळ गैरसमज होय.

खरोखर पेट्रोल जाळणाऱ्या बत्त्याही जगात आहेत, हे मात्र खरे. अमेरिकेत कॅन्सास राज्यातील विचिटा येथील कोलमन कंपनीने १९१४ साली अशी हाती धरावयाची बत्ती बाजारात आणली. १९३५ च्या सुमारास त्या देशातील दर दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज पोहोचली होती. १९३६ साली ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला व त्यानंतर तारा सर्वत्र गेल्या. तोपर्यंत गोठ्यातील व खळ्यावरील रात्रीचे काम तेथील शेतकऱ्याने पुष्कळ अंशी अशाच बत्त्यांवर केले. परंतु त्या बत्तीची नळी, निपल व सांधे पेट्रोलाच्या हिशोबानेच केलेले असतात, आणि तीतही मूळचे इंधन म्हणजे मोटारीचे पेट्रोल नव्हे, तर कसलेही मिश्रण नसलेले पांढरे पेट्रोल होय. मोटारीच्या पेट्रोलातील इतर द्रव्यांनी तिची नळी लवकर कोंदते. उलट त्या बत्तीत रॉकेल घातले तर ते पुरते तापत नाही व बत्ती नुसती धुरकटते.

दोन्ही तेलांतील भेद एवढाच लक्षात ठेवावा की, रॉकेल साधारण ३८ अंश सेल्सियसच्या वर तापल्यावाचून त्याची वाफ ठिणगीने पेट घेत नाही. पेट्रोलाची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही घेते. रॉकेलाच्या बत्तीची टाकी जळताना कोमट होते. तीत पेट्रोल असेल तर दाब आपोआप वाढत जातो, आणि एखाद्या सांध्यातून निसटलेली वाफ वरच्या ज्योतीला जाऊन मिळते. म्हणून ज्या बत्तीला स्पिरिटची वाटी आहे व जिच्या तेलाविषयी निश्चित माहिती नाही, तीत पेट्रोलाचा थेंबही घालू नये.

बत्ती चालते कशी?

हे समजले म्हणजे निम्मी दुरुस्ती झाली. टाकीत तीन-चतुर्थांश तेल व वर हवा असते. पंपाने हवा दाबली की ती तेलाला मधल्या उभ्या नळीतून वर ढकलते. ही नळी मेंटलाच्या अगदी शेजारून जाते. तेथे तापून तेलाची वाफ होते. ही वाफ निपलाच्या केसाएवढ्या छिद्रातून जोराने सुटते, बाहेरची हवा आपल्याबरोबर ओढून घेते, आणि हे मिश्रण वरच्या वाकड्या नळीतून वळून, चिनी मातीच्या तोंडातून खाली मेंटलात उतरून जळते. म्हणजे बत्ती एकदा पेटली की तिचीच आच तिच्या तेलाची वाफ करीत राहते. पहिल्या वाफेपुरती आच मात्र बाहेरून द्यावी लागते, व त्यासाठी स्पिरिटची वाटी असते. ही आच अपुरी पडली तर निपलातून वाफेऐवजी पातळ तेलच फवारते व भडका होतो. वादळाच्या रात्री आमच्याकडून नेमके हेच झाले.

तेव्हा बत्तीत बिघाड असल्यास हवा, तेल व वाफ यांची वाट क्रमाने तपासावी. अंदाजाने कोठेही पक्कड लावू नये.

उकलणे व पंप

जुने सांधे तेलाच्या चिकटाने बसलेले असतात. त्यांवर रात्रभर रॉकेल सोडून ठेवावे व सकाळी मापाच्या पान्याने हळू फिरवावे. पितळ मऊ असते. पक्कडीने त्याच्या कडा मोडल्या की पुढे कोणताच पाना बसत नाही. काढलेला प्रत्येक भाग ताटात ओळीने मांडावा, म्हणजे जोडताना घोटाळा होत नाही. टाकी स्वच्छ रॉकेलाने दोन-तीन वेळा, पाणी निवळ यावे तसे तेल निवळ येईपर्यंत, खळखळून घ्यावी. झाकणाचे रबर कडक झाले असल्यास ते बदलावे.

पंपाच्या दांड्यास चामड्याची वाटी असते. ती वाळून आक्रसली की पंप नुसताच आत-बाहेर होतो व हवा भरत नाही. चामडे फाटलेले नसेल तर शिवणयंत्राच्या तेलात रात्रभर भिजवावे, कडा बोटाने हलकेच फाकवाव्या व वाटीचे तोंड नळीच्या तळाकडे करून दांडा आत घालावा. आमच्या पंपाचे चामडे एवढ्यानेच कामास आले.

पंपाच्या तळाशी एक लहान झडप असते. तिने हवा आत जाऊ द्यावयाची व परत येऊ द्यावयाची नाही. हिची परीक्षा सोपी आहे: चार वेळा पंप मारून मूठ सोडून द्यावी. मूठ आपोआप वर येऊ लागली, किंवा पंपाच्या नळीत तेल दिसले, तर झडप गळते असे समजावे. झडपेतील रबराचे बूच बदलावे; मात्र त्यासाठी सायकलच्या ट्यूबचे रबर वापरू नये, कारण ते रॉकेलाने फुगते. तेलात टिकणारे रबर मोटारदुरुस्तीच्या दुकानी मिळते.

वाफेची नळी व निपल

वाफेची नळी उजेडाकडे धरून पाहावी. आत काजळी असल्यास मऊ तारेने ती मोकळी करावी. फारच कोंदली असेल तर नवी नळी घालणे बरे. निपलातील छिद्र साफ करणारी पिन आतच असते व बाजूचे चक्र फिरविले की ती वरखाली होते. ती वाकलेली नाही ना हे पाहावे. निपल कोंदले म्हणून सुई घालून त्याचे छिद्र मोठे करण्याचा मोह कित्येकांस होतो, तो टाळावा. छिद्र मोठे झाले की तेल अधिक येते, हवा पुरत नाही, ज्योत पिवळी होते व मेंटल काळा पडतो.

निपल व वरच्या हवेच्या नळीचे तोंड यांतील अंतरही महत्त्वाचे आहे. पेट्रोमॅक्सच्या ५०० मेणबत्त्यांच्या बत्तीत ते १४ मिलिमीटर ठेवावे लागते. आमच्या बत्तीचे अंतर ठीक होते. परंतु हवेच्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते! इतकी वर्षे माळ्यावर राहिलेल्या बत्तीत हा दोष फार आढळतो, आणि बाहेरून तो मुळीच दिसत नाही. नळी काढून, लांब दांडीच्या कुंचल्याने झाडून ती साफ केली.

टाकीची परीक्षा

येथपर्यंत काम मनासारखे झाल्यावर आम्ही टाकी घासावयास घेतली. चिंच व मीठ लावताच पितळ उजळले, आणि आजोबांचे नाव, घरच्या भांड्यांवर असते तसे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले, स्पष्ट दिसू लागले. घरात सर्वांस आनंद झाला. पुतण्या म्हणाला, "आता पेटवू या." परंतु टाकीची परीक्षा अजून राहिली होती.

ही परीक्षा सायकलचे पंक्चर पाहतात तशीच करावयाची. टाकी तेलाने न भरता रिकामीच ठेवून बत्ती जोडावी, चक्र बंद करावे, पंपाने हवा भरावी व टाकी घंगाळातील पाण्यात बुडवून स्वस्थ पाहावे. सांध्याशी बुडबुडे आले तर सांधा आवळावा किंवा वायसर बदलावा. आमच्या टाकीचे सांधे कोरडे राहिले. पण तळाच्या काठाजवळून, जेथे काहीच सांधा नाही अशा जागेतून, बारीक बुडबुड्यांची एक ओळ वर येऊ लागली. पुसून, भिंग लावून पाहिले तेव्हा नखाएवढी, केसासारखी चीर दिसली.

पितळ गंजत नाही म्हणून ते अमर आहे, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. ब्रिटिश अमदानीत येथील फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवीत, आणि त्यांच्या पितळी नळ्या हात न लावता तडकत. घोड्यांच्या मुत्रातून निघणारा अमोनिया वायू, हवेतील ओल, व नळी दाबून घडविताना पितळात राहून गेलेला ताण या तिहींच्या योगाने हे होते, असा उलगडा १९२१ साली शास्त्रज्ञांनी केला. बत्तीची टाकीही पत्रा दाबूनच घडविलेली असते. आमचा माळा गोठ्याच्या बरोबर डोक्यावर आहे! बत्ती तेथे सुमारे चाळीस पावसाळे राहिली होती. ज्यांच्या घरी पितळी बत्ती किंवा स्टोव्ह गोठ्यात अगर गोठ्यावर टांगलेला असेल, त्यांनी तो आजच तेथून हलवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

टाकी घेऊन आम्ही तांबटाकडे गेलो. तो म्हणाला, "डाख लावून देतो, पाणी गळणार नाही. पण हवेच्या दाबाची हमी मागू नका." हे त्याचे बोलणे प्रामाणिक होते. डाख चिरेवर बसतो. चिरेच्या दोन टोकांस जो ताण असतो तो काही जात नाही, आणि पंप मारताच चीर पुढे सरकू शकते. शिवाय एक चीर दिसली म्हणजे तशाच आणखी न दिसणाऱ्या असतील, असे धरून चालणे शहाणपणाचे. वादळाच्या रात्री ही चीर होती किंवा नव्हती हे सांगता येत नाही; असेल तर आम्ही केवढ्या संकटातून वाचलो याची कल्पना वाचकांनीच करावी.

घरात दोन दिवस याचा खल झाला. आजोबांचे नाव असलेली टाकी काढून टाकली तर मग ती बत्ती आजोबांची कसली, असे आमच्या वडील बंधूंचे म्हणणे पडले. आणि ते आम्हांसही सर्वस्वी खोटे वाटले नाही. शेवटी निकाल आत्यानेच दिला. ती म्हणाली, "दादांनी बत्ती घेतली ती उजेडासाठी. नावासाठी नाही घेतली." त्याप्रमाणे मुंबईच्या चोर बाजारातून त्याच मापाची दुसरी टाकी आणविली, तिचीही पाण्यात परीक्षा केली, आणि आजोबांच्या बत्तीचा वरचा भाग तिच्यावर बसविला. आट्या बरोबर जुळल्या.

मेंटल व पेटविणे

मेंटल म्हणजे क्षारांच्या द्रावणात भिजविलेली विणलेली पिशवी होय. पहिल्यांदा जाळल्यावर सूत जळून जाते व क्षारांचा सांगाडा मागे उरतो. तोच तापून पांढरा प्रकाश देतो. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ साली हा शोध लावला, व १८९१ साली ९९ भाग थोरियम व १ भाग सेरियम यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण सिद्ध केले. हे थोरियम ज्या मोनाझाइट वाळूतून निघते ती त्रावणकोरच्या किनाऱ्यावर विपुल आहे, असे १९०९ साली आढळून आले. थोरियम किरणोत्सर्गी असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी आता त्याऐवजी इट्रियम वापरतात. तरी मेंटल कोणताही असो, त्याची राख फुंकू नये, गुरांच्या चाऱ्याजवळ टाकू नये, व बांधल्यावर हात धुवावे.

मेंटल बांधण्याचे काम आत्याने आपणहून मागून घेतले. चिनी मातीच्या तोंडाभोवती चुण्या सारख्या पसरवून, दोरा गच्च बांधून, त्याचे टोक तिने कातरले. पेटविण्याचा क्रम असा ठेवावा: बत्ती अंगणात, गवत-पेंढ्यापासून दूर ठेवावी. जवळ वाळूची बादली व ओले गोणपाट असावे. टाकी तीन-चतुर्थांशच भरावी व सांडलेले तेल पुसावे. हवा सोडण्याचा स्क्रू सैल ठेवून वाटी काठोकाठ स्पिरिटने भरावी व पेटवावी. स्पिरिट संपत आले, म्हणजे सुमारे दीड मिनिटाने, स्क्रू आवळून थोडा पंप मारावा व चक्र हळूच उघडावे. पिवळी ज्वाला दिसताच धीर धरण्याचा प्रयत्न करू नये. ताबडतोब हवा सोडावी, सर्व थंड होऊ द्यावे, आणि पुन्हा स्पिरिटपासून आरंभ करावा. निळसर ज्योत येऊन मेंटल पांढरा झाला की उरलेला पंप मारावा. पेटती बत्ती कधीही भरू नये, आणि दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत ती ठेवू नये. कारण तिच्यापासून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

आमची बत्ती दुसऱ्या खेपेस पेटली. प्रथम फुरफुरली, मग तिचा तो एकसुरी फुसफुसाट सुरू झाला व अंगण पांढरे झाले. गोठ्यातून वादळाच्या रात्रीचे ते वासरू, आता चांगले थोराड झालेले, मान वर करून पाहू लागले. ५०० मेणबत्त्यांच्या बत्तीस १ लिटर रॉकेल सुमारे ८ तास पुरते; म्हणजे एक रात्र निभावते.

जुनी टाकी घरातच आहे. ती पुढेमागे कोणी नकळत वापरू नये म्हणून तिच्या तळाला भोक पाडावे असे आम्ही सुचविले, तेव्हा सर्वजण गप्प झाले. आत्याने ती पदराने पुसली, नावावरून एकदा हात फिरविला, आणि म्हणाली, "पाड." भोक पाडून, नाव समोर येईल अशी ती फडताळात ठेवली आहे.

सभासदांस एवढेच सांगणे की, मृग लागण्यापूर्वी माळ्यावरची बत्ती खाली उतरवावी, घंगाळभर पाण्यात टाकी बुडवून पाहावी, आणि चीर दिसल्यास टाकीवर कोणाचे नाव आहे याचा विचार करू नये. ज्यांची टाकी परीक्षेस उतरेल त्यांनी पाच लिटर रॉकेल व एक बाटली स्पिरिट, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी निराळे ठेवावे, व वर्षातून दोनदा बत्ती पेटवून पाहावी. वादळाच्या रात्री प्रथमच पेटवावयास घेतलेली बत्ती कशी वागते, हे आम्ही पाहिलेले आहे.